चौकशीच्या खिडकीमागचे स्टूल

मित्रांनो, त्या दिवशी सकाळचे दहा वाजून गेले तरी कॉलेजातली चौकशीची खिडकी उघडली नव्हती. बाहेर पाच-सहा मुले आणि त्यांचे आईवडील उभे होते. कोणीतरी खिडकीच्या फळीवर किल्लीने टकटक करत होते. आत अंधार होता आणि मी टेबलाजवळ माझ्या नेहमीच्या जागी उभे होते.

खिडकीवर बसणाऱ्या बाई तीन आठवडे आजारपणाच्या रजेवर होत्या. तेवढे दिवस रोज सकाळी शिपाई येऊन खिडकी उघडायचा आणि दुसऱ्या खात्यातले कोणीतरी कामापुरते येऊन बसायचे. त्या दिवशीही शिपाई आला. पण त्याने खिडकी उघडली नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकून तो जमिनीवरच बसला. थोड्या वेळाने हेडक्लार्क दारात आले.

"अरे, बाहेर रांग लागलीय. झोपलास काय?"

"साहेब, बाईंच्या घरून मिस्त्रींचा फोन आला होता," शिपाई म्हणाला. "बाई गेल्या. पहाटे."

हेडक्लार्क दाराची चौकट धरून उभे राहिले. मग खिडकीशी गेले, ती चार बोटे उघडली आणि बाहेरच्यांना म्हणाले, "आज चौकशी बंद आहे." बाहेरून एका मुलीच्या आईने विचारले, "मग कधी उघडणार?" त्यांनी खिडकी लावून घेतली.

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. चार पाय, एक फळी आणि फळीच्या मधोमध हात घालून उचलायला एक फट. एवढाच माझा पसारा. पण माझ्यावर तीस वर्षांत किती मुले बसून गेली ते मला सांगता येणार नाही. बहुतेक सगळी घाबरलेली असत. घाबरलेला माणूस स्टुलावर कसा बसतो ते मला नीट ठाऊक आहे. तो अर्ध्या फळीवर बसतो.

माझा जन्म कॉलेजच्या सुतारखोलीत झाला. प्रयोगशाळेतली जुनी टेबले मोडीत निघाली होती. त्यांच्या लाकडातून कॉलेजच्या सुताराने मला घडवले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. माझ्यात एकही खिळा नाही. सगळे सांधे खाचेत बसवलेले आहेत. बाई तेव्हा चौकशीच्या खिडकीवर नव्याने लागल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्या सुतारखोलीत आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मला आत बसवायला काहीतरी करून द्या. पोरं बाहेर उभी राहून खिडकीत वाकून बोलतात. वाकलेलं माणूस खरं बोलत नाही."

"खुर्ची देतो की."

"खुर्ची नको. खुर्चीत माणूस पाहुणा होतो. स्टूल द्या."

मिस्त्री टेबलाच्या उंचीचे माप घ्यायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "एका स्टुलाचं माप घ्यायला तीनदा कोण येतं हो?"

मिस्त्री म्हणाले, "चार पाय आहेत. अजून एकदा यावं लागेल."

त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. माझ्यामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण माझे माप त्याला कारणी लागले हे खरे.

मित्रांनो, आता बाईंचे काम सांगायला हवे. मुलगा किंवा मुलगी खिडकीशी येऊन अडखळत बोलू लागली, की बाई म्हणत, "आत ये. बस." मग मूल माझ्यावर बसे. बाकी सगळे जण त्याला एकच गोष्ट विचारत, मार्क किती. बाई ते विचारत नसत. मार्क कागदावर दिसतातच, असे त्या म्हणत. त्या विचारत, "तुला ज्या कॉलेजात जायचंय, तिथे तू मंगळवारी दुपारी तीन वाजता काय करत असशील?"

मुले गोंधळून जात. कॉलेजचा पहिला दिवस सगळ्यांनी मनात पाहिलेला असे. पदवी घेतानाचा शेवटचा दिवसही पाहिलेला असे. मंगळवारची दुपार कोणी पाहिलेली नसे. बाई म्हणत, "बाळा, कॉलेज म्हणजे तीन-चार वर्षांच्या मंगळवारच्या दुपारी. त्या आवडणार असतील तर जा. नाहीतर इमारत कितीही उंच असू दे."

एक जाडजूड मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला होता, "मंगळवारी तीन वाजता मी झोपलेला असेन."

"मग घराजवळचं कॉलेज बघ," बाई म्हणाल्या. "झोपायला एवढ्या लांब कशाला जातोस?"

तो इतका हसला की माझे सांधे करकरले. तो खरोखरच घराजवळच्या कॉलेजात गेला आणि पुढे शिक्षक झाला, असे ऐकले.

ज्यांना उत्तर देता येत नसे, त्यांना बाई सांगत की आधी तिथे जाऊन या. पण ज्या दिवशी कॉलेज पाहुण्यांसाठी सजवलेले असते त्या दिवशी नाही, साध्या वारी जा. "आणि जो तुला कॉलेज दाखवायला नेमलेला असेल त्याला काही विचारू नको. नळावर हात धुणाऱ्या पोराला विचार. तो खरं सांगेल." जे शिकायचे ते दुसऱ्या कॉलेजात चांगले मिळत असेल, तर बाई सरळ तिकडचा पत्ता लिहून देत. प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून घेतले होते. "तुम्ही इथे बसून दुसऱ्यांची कॉलेजं भरताय." बाई म्हणाल्या, "साहेब, चुकून आलेलं पोर आपला वर्ग भरतं, पण पुढच्या वर्षी तेच बाक रिकामं करून जातं." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

प्रवेश झाला म्हणजे संपले, असेही बाईंच्या बाबतीत नव्हते. पहिल्या वर्षाची मुले अधूनमधून येऊन माझ्यावर बसत. त्यातला एक उंच मुलगा मला विशेष आठवतो. कॉलेज सुरू होऊन महिना होत आला, तेव्हा तो कानापर्यंत लाल होऊन आला. तीन आठवडे तो चुकीच्या वर्गात बसत होता. खोली बदलल्याची सूचना त्याने वाचली नव्हती. पहिल्या दिवशी कोणाला विचारायची लाज वाटली, दुसऱ्या दिवशी जास्त वाटली. तीन आठवडे तो दुसऱ्याच शाखेचे गणित वहीत उतरवून घेत होता.

बाईंनी त्याला हसू दिले, मग स्वतःही हसल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर एक मिनिट लाज वाटली असती. तू ती तीन आठवडे वाटून घेतलीस." आणि त्याला घेऊन त्या योग्य वर्गाच्या दारापर्यंत स्वतः गेल्या. पुढे बाई त्याला कायम 'तीन-आठवडे' म्हणत. त्यालाही ते आवडे.

माझ्या आयुष्यात वाईट दिवसही आले. एकदा लोखंडी खुर्च्या आल्या आणि मला अडगळीच्या खोलीत फुटक्या बाकांवर उलटे टाकण्यात आले. तिथे महिनाभर धूळ खाल्ली. शेवटी बाई स्वतः आल्या, पदराने मला पुसले आणि फटीत हात घालून घेऊन गेल्या. "खुर्चीवर बसून पोरं मागे रेलतात," त्या शिपायाला म्हणाल्या. "रेलली की बोलायचं विसरतात."

मिस्त्री त्या खोलीत वारंवार येत. खिडकीचे बिजागर दुरुस्त करायचे आहे असे सांगत. त्या बिजागराइतकी दुरुस्ती कॉलेजात दुसऱ्या कशाचीच झाली नसेल. पेचकस हातात धरून ते तासभर बाईंचे बोलणे ऐकत राहत.

लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर त्यांना मुलगी झाली. घरात आणि कॉलेजात सगळे तिला बारकी म्हणत. शाळा सुटली की बारकी चौकशीच्या खोलीत येई आणि मी रिकामे असेन तर माझ्यावर बसून अभ्यास करी. मिस्त्रींच्या खोलीतून लाकडाचे तुकडे आणून कानशीने घासत बसायचा तिला नाद होता. कॉलेजच्या फाटकावर एक पहारेकरी होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता आणि तो त्याला फार घासत असे. चौदा वर्षांची असताना बारकीने मिस्त्रींकडचा जाड लोकरी कापडाचा तुकडा कापून, चार वेळा बदलून, त्या पायाच्या आतून बसवला. दुसऱ्या दिवशी पहारेकरी खिडकीशी येऊन बाईंना म्हणाला, "काल संध्याकाळपर्यंत पाय आहे हेच विसरलो होतो मी." त्या दिवसापासून बारकीला काय शिकायचे आहे ते ठरले. तिला कृत्रिम हातपाय बनवायला शिकायचे होते. तो अभ्यासक्रम बाईंच्या कॉलेजात नव्हता. बसने आठ तास लांब असलेल्या एका कॉलेजात होता.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ते खोटे नाही. जगाच्या पोरांना माझ्यावर बसवणाऱ्या बाईंनी आपल्या पोरीला कधी समोर बसवले नाही. मिस्त्री आठवण करून देत, तेव्हा त्या म्हणत, "घरचंच आहे. सावकाश बघू. आधी ही रांग संपू दे." रांग कधी संपत नसते. बारकीचे शाळेचे शेवटचे वर्ष संपत आले आणि बाई आजारी पडल्या.

बाई गेल्यावर हेडक्लार्कांनी मिस्त्रींना बोलावून सांगितले, "हे स्टूल तुम्ही घरी न्या. आता इथे ते बघवत नाही." असे मी घरी आले. स्वयंपाकघराच्या दाराशी, फोनच्या शेजारी मला जागा मिळाली. घरात दोनच माणसे होती आणि दोघेही फार थोडे बोलत. मिस्त्री सकाळी सवयीने तीन कप काढत, दोनात चहा ओतत आणि मग तिसरा परत मांडणीवर ठेवत.

प्रवेशाचे दिवस आले. एका संध्याकाळी बारकी बाहेरून आली आणि म्हणाली, "बाबा, फॉर्म भरून आले. आईच्या कॉलेजात, सायन्सला. मूळ दाखलेपण देऊन आले."

मिस्त्री चाकूला धार लावत होते. त्यांनी मान खाली ठेवूनच विचारले, "पक्कं?"

"हो."

"बरं."

एवढेच झाले. त्या लांबच्या कॉलेजची मुदत संपायला तेरा दिवस होते. पण ते नाव कोणी काढले नाही.

त्यातला एक आठवडा गेला. रविवारी दुपारी दारावर थाप पडली. दारात उंच, केस विरळ झालेला एक माणूस उभा होता. तो 'तीन-आठवडे' होता. आता तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर झाला होता आणि बदली लांब असल्यामुळे त्याला बाईंची बातमी उशिरा कळली होती. मिस्त्रींनी खुर्ची पुढे केली, पण त्याने मला ओढले आणि बसला. बसताना त्याने हात फळीखाली घालून ती फट चाचपली.

चहा ठेवायला मिस्त्री आत गेले. तेव्हा त्याने बारकीला विचारले, "कुठे घेतलीस ॲडमिशन?"

"आईच्याच कॉलेजात."

"हं. मग मंगळवारी दुपारी तीन वाजता तू काय करत असशील?"

आत भांड्याचा आवाज थांबला. बाई गेल्यापासून त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारले नव्हते.

बारकी आधी हसली. "काका, तुम्हीपण ना." मग म्हणाली, "लेक्चर सुटलेलं असेल. मग आईच्या खोलीत जाऊन बसेन थोडा वेळ. खिडकीशी."

"आणि शिकशील काय?"

मग ती एकदम चिडली. "तुम्हाला बोलायला काय जातंय? बाबांना एकटं टाकून आठ तास लांब जाऊ? कोण बघेल त्यांच्याकडे?"

मिस्त्री दारात आले. हातात गाळणी तशीच होती. "मी तुला अडवलं का?"

"अडवलं नाहीत. पण जा असंही म्हणाला नाहीत."

"मला वाटलं, तुला आईची जागा हवीय. म्हणून गप्प बसलो."

"आणि मला वाटलं, तुम्हाला मी घरात हवीय."

'तीन-आठवडे' दोघांकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, "धन्य आहे. फॉर्म एकीचा आणि भरलाय एकमेकांसाठी. तिला जायचं नाही आणि ह्यांना पाठवायचं नाही, असं असतं तरी मी समजू शकलो असतो."

मिस्त्रींनी गाळणी खाली ठेवली. ते बारकीच्या समोर बसले. "बारके, त्या खोलीत आई नाहीये आता. मी जाऊन बघून आलोय. दोनदा."

बारकी रडली. बाई गेल्या त्या दिवशी मी घरी नव्हते, त्यामुळे तेव्हा ती रडली की नाही ते मला माहीत नाही. त्या दुपारी मात्र ती पुष्कळ रडली. 'तीन-आठवडे' उठला आणि त्याने चहा गाळला. तो कडू झाला होता, पण तिघांनीही प्यायला.

मुदत शुक्रवारी संपत होती. मंगळवारी पहाटेच्या बसने दोघे निघाले. मिस्त्रींचे गुडघे दुखतात आणि कॉलेजांतल्या रांगा त्यांना चांगल्या माहीत, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. कंडक्टर म्हणाला, "काका, आमच्या बसमध्ये सीट आहेत."

"असू दे," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या संपल्या तर माझं आहे."

मित्रांनो, मी पहिल्यांदाच दुसरे कॉलेज पाहिले. इमारत जुनी होती. एका जिन्याचा कठडा हलत होता आणि मिस्त्रींनी तो आधी हलवून पाहिला, मग तोंड वाकडे केले. दारातल्या टेबलावर एक छान कपडे घातलेला मुलगा माहितीपत्रके वाटत होता. बारकी त्याच्या पुढून निघून गेली आणि थेट मागच्या अंगणात नळावर गेली. तिथे एक मुलगी कोपरापर्यंत पांढरी झालेली, हातावरचे प्लास्टर धूत होती.

"इथे कसं असतं?" बारकीने विचारले.

मुलीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. "खरं सांगू? पहिले सहा महिने नुसती पुस्तकं. हाडांची नावं, स्नायूंची नावं. कशाला हात लावू देत नाहीत. आमच्या वर्गातली अकरा जणं तेव्हाच पळाली."

"मग?"

"मग हे." तिने आपले प्लास्टरचे हात दाखवले. "आता मला बाहेर हाकललं तरी जाणार नाही. वसतिगृहात वरच्या मजल्यावर खोली मागू नको, पाणी चढत नाही."

तेव्हा दुपारचे तीन वाजत होते. आम्ही कार्यशाळेत गेलो. आठ-दहा मुले एकमेकांच्या पायांचे साचे घेत होती. कोणाला गुदगुल्या होत होत्या. कोणी ओरडत होते, "हलू नकोस, घोटा उठेल उलटा!" मिस्त्री एका बाजूला माझ्यावर बसले. कार्यशाळेचे मास्तर आले आणि आधी नमस्कार करायचा सोडून खाली वाकून माझे सांधे पाहू लागले. मिस्त्रींना उठावे लागले. मास्तरांनी मला उलटे केले.

"हे कोणी केलं?"

"मीच."

"एक खिळा नाही?"

"गरज पडली नाही."

मग दोघांचे बराच वेळ लाकडाबद्दल बोलणे झाले. शेवटी मिस्त्रींनी आपला प्रश्न विचारला. "इथे पोरांना चुकू देता का?"

मास्तरांनी भिंतीतल्या एका मोठ्या कप्प्याकडे बोट केले. त्यात वाकडी पावले, आखूड पावले, अंगठा चुकीच्या बाजूला आलेली पावले ओळीने मांडून ठेवली होती. "हा चुकलेल्यांचा कप्पा. टाकून देत नाही आम्ही. त्या कोपऱ्यातलं माझं आहे. पहिल्या वर्षाचं."

बारकी त्या कप्प्यासमोर उभी होती. तिने मास्तरांचे पाऊल हातात घेतले, फिरवून पाहिले आणि म्हणाली, "टाच जड झालीय." मास्तर म्हणाले, "तेच कळायला मला दोन वर्षं लागली होती." मिस्त्री हसले. ते हसलेले मी बऱ्याच दिवसांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरलो ते थेट बाईंच्या कॉलेजात गेलो. दाखले परत घ्यायचे होते. हेडक्लार्कांनी ऐकून घेतले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो मिस्त्री, असं कसं? मी हजेरीपटावर पहिला नंबर तिच्या नावाने घातलाय. आमच्या डोळ्यांसमोर राहील म्हणून. बाईंची पोर आहे ती."

रागावलेल्या माणसाला नाही म्हणता येते. जीव लावणाऱ्याला नाही म्हणणे अवघड. तेवढ्यात शिपाई मागून म्हणाला, "साहेब, बाईंनी तुमच्याकडून किती पोरांचे दाखले असे परत काढून घेतले असतील? आणि दरवेळी तुम्ही ओरडायचात."

"ओरडायचो," हेडक्लार्क म्हणाले. "आणि द्यायचो." त्यांनी कपाट उघडले. दाखले देताना बारकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नापास होऊन परत आलीस तर ह्या कपाटात कोंडून ठेवीन."

बारकीने मुदतीच्या आत तिकडे दाखले दिले आणि ती शिकायला गेली. खालच्या मजल्यावरची खोली मागून घेतली. मिस्त्री दर रविवारी माझ्यावर बसून तिचा फोन घेऊ लागले. पहिल्या काही रविवारी ती फार बोलत नसे. दर आठवड्याला घरी येऊ का, असे विचारत असे. मिस्त्रींनी सांगितले, "पहिला महिना येऊ नको. आई सांगायची, रोप लावल्यावर रोज उपटून मुळं बघू नयेत." ते वाक्य त्यांनी बिजागर दुरुस्त करताना ऐकलेले होते.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी बारकी सगळे छान आहे, असे एकामागून एक तीनदा म्हणाली. मिस्त्रींनी विचारले, "कशात नापास झालीस?"

मग ती म्हणाली, "हाडांच्या पेपरात. शंभरात एकोणीस. बाबा, मी दोन आठवडे त्या मॅडमच्या समोरून जात नाही. त्यांचा वर्ग असला की शेवटच्या बाकावर बसते."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हे बघ. मार्क कमी पडले की पोरं मास्तरांना टाळतात. आई म्हणायची, आजारी माणसाने डॉक्टरला टाळावं, तसलं ते. उद्या जा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नको. काय कळलं नाही ते कागदावर लिहून ने. सगळंच कळलं नाही असं म्हणू नको, त्याला उत्तर नसतं. ह्या पानावर ही ओळ कळली नाही, असं म्हण."

"त्या ओरडल्या तर?"

"ओरडू दे. हेडक्लार्क आयुष्यभर ओरडले."

पुढच्या रविवारी तिचा आवाज वेगळा होता. मॅडम ओरडल्या नव्हत्या. त्यांनी तिला खरी हाडे ठेवलेली पेटी उघडून दिली होती आणि रोज संध्याकाळी एक हाड हातात घेऊन त्याचे चित्र काढायला सांगितले होते. पुस्तकातली नावे जिच्या डोक्यात राहत नव्हती, तिच्या हातांत ती राहू लागली. आता ती दुसऱ्या बाकावर बसते. दिवसभरात जे कळले नाही ते त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर लिहिते. खोलीतल्या मैत्रिणीला गणित येते आणि हिला चित्र येते, म्हणून दोघी एकमेकींना शिकवतात. सहामाहीत बारकी सगळ्या विषयांत पास झाली. हाडांच्या पेपरात तिला बासष्ट मिळाले.

मित्रांनो, मी लाकडाचे आहे, मला शिकता आले नाही. पण शिकणारी माणसे मी फार जवळून पाहिली आहेत. कॉलेज निवडताना दुसऱ्याच्या मनातले ओळखून निर्णय घेऊ नका, त्याला तोंडाने विचारा. ओळखीची भिंत सोडवत नाही म्हणून तिथेच राहू नका. गेल्यावर पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि तुम्ही जुने झालात, वरच्या वर्गात गेलात, की जिन्याशी भांबावून उभे असलेले नवे मूल तुम्हाला दिसेल. त्याला हसू नका. त्याला म्हणा, बस. तीस वर्षे बाईंनी दुसरे काही केले नाही, आणि मीसुद्धा.

मिस्त्री आता बरे आहेत. संध्याकाळी दार उघडे ठेवून बसतात, शेजारची मुले फॉर्म घेऊन येतात आणि मिस्त्री त्यांना माझ्यावर बसवतात. मंगळवारचा प्रश्न ते अजून थोडा अडखळत विचारतात.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. बारकी आईच्या कॉलेजात फॉर्म भरून आली, त्या संध्याकाळी ती आत गेल्यावर मिस्त्रींनी चाकू खाली ठेवला आणि त्यांना आनंद झाला. पोर घरात राहणार म्हणून झाला. त्यांचा चेहरा मी पाहिला. ते त्यांनी बारकीला अजून सांगितलेले नाही.